खडूचा पैसा कोणी द्यावा?

खडूचा डबा ही काही मोठी वस्तू नव्हे. बाजारात तो थोड्या पैशांत मिळतो आणि महिन्याभरात झिजून त्याची भुकटी होते. तथापि लहान वस्तूंच्या पोटी पुष्कळदा मोठे प्रश्न असतात, आणि आज आम्ही वाचकांपुढे जो प्रश्न मांडणार आहो तो ह्याच डब्यातून निघालेला आहे. गावच्या शाळेतील गुरुजी किंवा बाई मुलांकरिता खडू, तक्ते, वह्या, पेन्सिली आपल्या पगारातून विकत घेतात, तेव्हा त्या पैशास काय म्हणावे? ते दान होय, की कर्तव्य होय, की दुसऱ्या कोणाचे देणे त्यांनी आपल्या खिशातून भागविले असे समजावे? काही देशांत अशा खर्चाबद्दल शिक्षकास प्राप्तिकरात सूट मिळते; तशी ती आपल्याकडेही मिळावी काय, आणि मिळाली तर न्याय झाला असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा आहे असे कोणी समजू नये. दान कशास म्हणावे, देणे कशास म्हणावे, आणि एकाच्या भलेपणावर दुसऱ्याने किती दिवस स्वस्थ बसावे, हे त्यात गुंतलेले आहे. आणि ज्यांची मुले त्या शाळेत बसतात त्या आम्हां सर्वांस त्याचे उत्तर द्यावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हा कापसाचा मुलूख. त्याच्याही उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. आणि घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. कोठेही गेले तरी लहान गावांतून जिल्हा परिषदेची अशी शाळा आढळते, जेथे दोन शिक्षक मिळून चार वर्ग सांभाळतात. अशा शाळेतील शिक्षकाने वर्षभरात आपल्या खिशातून काय काय घेतले ह्याची यादी करावयास बसले, तर ती अशी काहीशी होते: खडू व डस्टर, अक्षरओळखीसाठी पुठ्ठे, रंगीत कागद व स्केचपेने, बेरीज-वजाबाकी शिकविण्यास मणी व काड्या, ज्या मुलाच्या घरी वही आली नाही त्याला वही, ज्याची पेन्सिल हरवली त्याला पेन्सिल, चाचणीच्या प्रश्नपत्रिकांचे झेरॉक्स, स्वातंत्र्यदिनी पताका व खाऊ, झाडू व फिनेल. अलीकडे ह्यात मोबाइलच्या रिचार्जची भर पडली आहे. मुलांची माहिती भरणे, पोषण आहाराची नोंद करणे, फोटो पाठविणे ही कामे शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवरून व स्वतःच्या पैशाने होतात. पोषण आहाराच्या भाजीपाल्याचे व इंधनाचे पैसे आधी मुख्याध्यापकाने घालावयाचे आणि मग ते परत येण्याची वाट पाहावयाची, हाही प्रकार कित्येक ठिकाणी चालतो.

सरकार काहीच देत नाही असे आमचे म्हणणे नाही. जे दिले गेले ते सांगितलेच पाहिजे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली खडू-फळा मोहीम निघाली व खेड्यापाड्यांतील शाळांस किमान साहित्य मिळावे हे देशाने आपले काम म्हणून मान्य केले. पुढे सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकास शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत असत. ती रक्कम थोडी होती, तथापि ती शिक्षकाच्या हाती पडत होती. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली तेव्हा निरनिराळी अनुदाने एकत्र करून शाळेस एकच संयुक्त अनुदान देण्याचे ठरले. २०२१ च्या आराखड्यात तीस किंवा त्याहून कमी मुले असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये आणि तिसाच्या वर शंभरापर्यंत मुले असलेल्या शाळेस २५,००० रुपये असे त्याचे माप ठरविले गेले. दहा हजार म्हणजे दिवसाला सुमारे सत्तावीस रुपये. ह्यातूनच डागडुजी, ह्यातूनच वीज, ह्यातूनच पिण्याचे पाणी, ह्यातूनच खडू. आणि त्याचा निदान दहावा भाग स्वच्छतेकडे लावावयाचा. लहान शाळेवर हा नियम विशेष जड पडतो, कारण मुले निम्मी असली म्हणून छप्पर निम्मे गळत नाही. पैसा सत्र संपत आल्यावर हाती आला, तर तोपर्यंतचे महिने कोणी तरी आपल्या खिशातून काढावे लागतात, आणि तो कोणी म्हणजे वर्गात उभा असलेला मनुष्य होय.

आता कायद्याकडे वळू. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक वर्गास गरजेप्रमाणे अध्ययन-अध्यापनाचे साहित्य पुरविले जावे असे त्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. म्हणजे खडूची जबाबदारी कोणाची, ह्याविषयी कायद्यात संशय नाही. संशय आहे तो इतकाच की, ज्याची जबाबदारी त्याने ती वेळेवर पार पाडली नाही, आणि दुसऱ्या कोणी ती पार पाडली, तर त्या दुसऱ्याचे काय?

प्राप्तिकराच्या कायद्याने ह्याचे उत्तर एके काळी थोडेसे दिले होते. १९६१ चा प्राप्तिकर कायदा झाला तेव्हा त्याच्या सोळाव्या कलमात पगारदारांस अशी मुभा होती की, नोकरीच्या कामास आवश्यक अशी पुस्तके घेतल्यास तो खर्च एका मर्यादेपर्यंत पगारातून वजा करावा, आणि नोकरीच्या अटींप्रमाणे जो खर्च स्वतःच करणे भाग आहे तोही वजा करावा. १९७४ साली ही निरनिराळी कलमे काढून सर्व पगारदारांस सरसकट एकच प्रमाणित वजावट देण्यात आली. ती २००५ साली बंद झाली आणि २०१८ साली प्रवासभत्ता व औषधोपचाराच्या सवलतींच्या बदल्यात ४०,००० रुपये ह्या रकमेने परत आली. २०१९ साली ती ५०,००० झाली, आणि २०२४ साली नव्या करपद्धतीत ७५,००० झाली. १९६१ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली जो नवा कायदा केला, त्यातही ही सरसकट वजावटच आहे. परिणाम असा की, वर्गासाठी हजारो रुपये खर्च करणारी बाई आणि एक पैही खर्च न करणारा तिचा सोबती ह्या दोघांस कायदा एकाच मापाने मोजतो.

ह्याच्या शेजारी दुसरी दोन मापे ठेवून पाहा. जो गृहस्थ गावात खाजगी शिकवणीवर्ग चालवितो, तो हिशेब ठेवून कर भरीत असल्यास, त्याने विकत घेतलेला खडू हा धंद्याचा खर्च ठरून त्याच्या उत्पन्नातून वजा होतो. जो व्यापारी एखाद्या नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या शाळेस देणगी देतो, त्यास पावती मिळते, आणि तो जुन्या पद्धतीने कर भरीत असल्यास सूटही मिळते. ह्यांस सूट मिळते ह्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच खडूने, त्याच गावच्या गरीब मुलांस, सरकारच्याच शाळेत जी बाई शिकविते, तिच्या खडूस मात्र कायद्यात नाव नाही. त्यास धंद्याचा खर्चही म्हणत नाहीत आणि दानही म्हणत नाहीत. आणि तिच्या पगारावर जर प्राप्तिकर बसत असेल, तर त्या करावर आणखी उपकर बसतो. हा उपकर २००४ साली शिक्षणाच्या नावाने दोन टक्के म्हणून सुरू झाला, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण ह्यांच्या नावाने चार टक्के आहे. म्हणजे शाळेकरिता ती एकदा सरकारला देते, आणि सरकारकडून खडू आला नाही म्हणजे दुसऱ्यांदा दुकानदारास देते.

इतर देशांनी काय केले तेही पाहावे. अमेरिकेने २००२ साली असा कायदा केला की, शाळेत वर्षाला निदान नऊशे तास काम करणाऱ्या शिक्षकाने वर्गासाठी स्वतः केलेल्या खर्चापैकी २५० डॉलरपर्यंतची रक्कम आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करावी. आरंभी ही सवलत थोड्या वर्षांची म्हणून दिली होती व ती पुनःपुन्हा वाढवावी लागे. २०१५ साली ती कायम करण्यात आली आणि २०२२ साली तिची मर्यादा ३०० डॉलर झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीनशे डॉलर वजा होतात ते उत्पन्नातून, करातून नव्हे. ज्यास शेकडा बावीस कर बसतो त्याचे तीनशे खर्चून सहासष्ट वाचतात, बाकीचे दोनशे चौतीस त्याचेच गेले. कॅनडाने २०१६ साली निराळा मार्ग घेतला. तेथे शिक्षकाने केलेल्या खर्चाचा ठराविक हिस्सा, आरंभी शेकडा पंधरा व २०२१ पासून शेकडा पंचवीस, एक हजार डॉलरच्या खर्चापर्यंत परत मिळतो, आणि ज्यास काहीच कर लागत नाही अशा शिक्षकासही तो रोख मिळतो.

हा फरक बारीक दिसतो, परंतु न्यायाचा सारा प्रश्न त्यातच आहे. आपल्याकडे अमेरिकेसारखी सूट उद्या सुरू झाली असे धरून चालू. तीन शिक्षकांनी आपापल्या वर्गासाठी वर्षात प्रत्येकी चार हजार रुपये खर्च केले. पहिल्यास शेकडा तीस कर बसतो. त्याचे बाराशे रुपये वाचतील. दुसऱ्यास शेकडा पाच बसतो. त्याचे दोनशे वाचतील. तिसरा शिक्षणसेवक आहे. २०२३ पासून प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन महिना १६,००० रुपये आहे, त्यापूर्वी तर ते सहा हजारच होते, आणि तीन वर्षे त्यास त्यावर काढावी लागतात. त्यास कर नाही, म्हणून त्याचे काहीच वाचणार नाही. २०२५-२६ ह्या वर्षापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. तेव्हा गावोगावच्या पुष्कळ शिक्षकांची गणना ह्या तिसऱ्यातच होईल. खर्च तिघांचा सारखा, आणि तिसऱ्याच्या मिळकतीचा तर त्यात मोठा हिस्सा गेला. तरी सूट मात्र ज्याच्या घरी अधिक आहे त्यासच अधिक. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तिच्या दानाचे मोल तिच्याजवळ काय उरले ह्यावरून केले गेले. करसुटीचा कायदा बरोबर उलट मोजतो. श्रीमंताच्या दानाचा काही भाग तो त्यास परत करितो, आणि विधवेस सांगतो की, बाई, तुझे नाव आमच्या वहीत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे नाही काय? बरे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. सूट द्यावयाचीच असेल तर ती कॅनडाच्या धर्तीवर द्यावी, म्हणजे शिक्षणसेवकाच्याही हाती काही पडेल. आणि पूर्वीच्या कायद्यात पुस्तकांस जागा होती, तेव्हा खडूस जागा करणे अशक्य नाही. परंतु सूट मिळाली म्हणजे न्याय झाला असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. ह्याचे कारण आणखी खोल आहे.

शिक्षक आपल्या खिशातून खर्च का करितो? कोणी त्यास आज्ञा करीत नाही. समोर एक मूल रिकामे हात घेऊन बसलेले असते आणि त्याच्याने ते पाहवत नाही, म्हणून तो करितो. आता विचार करा, हा भार कोणावर पडतो? ज्याचे मन कोमल त्याच्यावर. ज्याचे मन निबर, जो म्हणतो की खडू आला तर शिकवीन, नाही तर मुले बसतील, त्याच्यावर काही पडत नाही. म्हणजे हा एक प्रकारचा करच आहे. कायद्यावाचून बसलेला आणि पावतीवाचून वसूल होणारा. इतर कर मनुष्याच्या उत्पन्नावर, जमिनीवर किंवा मालावर बसतात. हा त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर बसतो. चांगल्यावर तो बसतो आणि बेपर्वा मनुष्य त्यातून सुटतो. कोणत्याही राज्याने असा कर उघडपणे बसविला असता, तर लोकांनी तो अन्याय म्हणून धुडकावला असता. परंतु तो मुकाट्याने बसलेला आहे म्हणून आम्ही सर्व त्याचा लाभ घेत आहो.

ह्या कराचे आणखी एक लक्षण आहे. एकाचे औदार्य काही काळाने दुसऱ्यावरचे ओझे होऊन बसते. एका शाळेत एखाद्या गुरुजींनी आपल्या पैशाने भिंती रंगविल्या, मुलांस वह्या दिल्या, गावाने वाहवा केली. पुढे त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या बाईंच्या घरी आजारी सासू आहे, कर्जाचा हप्ता आहे. त्यांस तसे करता येत नाही. तेव्हा तेच गाव म्हणते, आधीचे गुरुजी चांगले होते. काल जी कृपा होती ती आज हक्क झाली, आणि जिने काही अपराध केला नाही ती अपराधी ठरली. दान जेव्हा असे सक्तीचे होते, तेव्हा देणाऱ्याचा आनंद नाहीसा होतो आणि घेणाऱ्याची कृतज्ञताही नाहीशी होते.

मिसर देशातील विटांची गोष्ट ह्या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. फारोने इस्राएलांस विटांकरिता गवत देणे बंद केले, परंतु विटांची संख्या कमी केली नाही. गवत तुम्हीच कोठून तरी आणा, पण विटा तितक्याच झाल्या पाहिजेत, असे त्याने फर्माविले. आणि विटा कमी पडल्या तेव्हा मार खाल्ला तो गवत न देणाऱ्याने नव्हे. आमच्या राज्यकर्त्यांस फारो म्हणणे हे अतिशयोक्तीचे होईल, आणि तसे आम्ही म्हणतही नाही. परंतु साहित्य पुरवावयाचे नाही आणि चाचणीत मुले मागे पडली म्हणजे शिक्षकास जाब विचारावयाचा, ही रीत त्या जुन्या रीतीच्या गोत्रातली आहे हे कबूल केले पाहिजे.

दुसरा कोणी म्हणेल, शिक्षकांस आता पगार चांगले आहेत. चार पैसे मुलांवर गेले तर काय बिघडले? कायम शिक्षकांचा पगार पूर्वीपेक्षा बरा आहे, हे खरे. शिक्षणसेवकांविषयी वर सांगितलेच आहे. परंतु पगार हा कामाचा मोबदला आहे. कामाचे साहित्य त्यातून घ्यावे असे कोठे ठरले? तलाठी आपल्या पगारातून सातबाऱ्याचा कागद विकत घेतो काय? शिपायाने आपली लाठी बाजारातून आणावी असे कोणी म्हणते काय? तहसील कचेरीत शाई संपली तर कारकून आपल्या घरून पैसे आणीत नाही, आणि त्याने आणावे अशी आमची अपेक्षाही नसते. ती अपेक्षा आम्ही शिक्षकाविषयी करितो, ह्याचे कारण शिक्षक त्या मुलांवर माया करितो हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणजे त्याच्या मायेचीच आम्ही किंमत वसूल करितो. जो माया करितो त्याने अधिक भरावे, हा नियम घरातही चांगला नाही, मग राज्यात कसा असेल?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक पैशाचा हिशेब मागू लागला, तर त्यागास जागाच राहणार नाही. महाराष्ट्रातील शिक्षण त्यागावर उभे राहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. अलीकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजी ह्यांस २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. ह्या गोष्टी हिशेबाच्या वहीत कशा मावतील?

त्या मावणार नाहीत, आणि मावूही नयेत. आमचे म्हणणे त्याग पुसून टाकावा असे नाही. त्याग व देणे ह्यांत गल्लत होऊ नये असे आहे. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र हे दान होते. ते मापण्याचा अधिकार कोणत्याही खात्यास नाही. परंतु त्याच इतिहासातील दुसरी गोष्ट आम्ही सहसा सांगत नाही. त्या वसतिगृहाकरिता घरोघरच्या बाया दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवीत. त्यास मुष्टिफंड म्हणत. लक्ष्मीबाईंचा त्याग थोर खरा, परंतु संस्था टिकली ती पुष्कळ घरांनी आपापला वाटा उचलल्यामुळे. एका स्त्रीच्या गळ्यातील दागिन्यावर शाळा एक दिवस चालते. गावाच्या मुठीवर ती वर्षानुवर्षे चालते. आम्ही दागिन्याची कथा सांगून डोळे पुसतो आणि मुठीची आठवण विसरतो, कारण दागिना दुसऱ्याचा होता आणि मूठ आमची आहे.

महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्याचा एक मुख्य मुद्दा हाच होता की, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्या रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे त्यातला फार थोडा भाग परत येतो. त्या वेळी शिक्षणावरील सरकारी पैशाचा ओघ वरच्या वर्गांकडे होता. आज कायदा बदलला आहे, शाळा गावोगाव आहे, पुस्तके फुकट मिळतात. तरीही फुल्यांनी घातलेला हिशेब आम्ही पुन्हा घातला पाहिजे. खामगावच्या बाजारात कापूस विकणारा शेतकरी, विडीकाडीवर व तेलावर कर देणारा मजूर, महिन्याच्या पगारातून व्यवसायकर कापून देणारा नोकर, हे सर्व मिळून राज्याचा कोश भरतात. त्यांच्या मुलांच्या वर्गातील खडू हा त्या कोशातूनच यावयास पाहिजे. तो शिक्षकाच्या घरखर्चातून आला, तर शिक्षकाचे मूल आणि मजुराचे मूल ह्या दोघांचेही काही तरी बुडाले. एकाचे घरातले, दुसऱ्याचे हक्काचे.

म्हणून आम्हांस वाटते ते असे. शाळेस जे आवश्यक आहे, ज्यावाचून शिकविणेच होत नाही, ते देणे समजावे, आणि ते शिक्षकाच्या हाती सत्राच्या आरंभी जूनमध्येच पडावे. सर्व शिक्षा अभियानातील पाचशे रुपयांची पद्धत ह्या दृष्टीने चांगली होती. आजच्या महागाईस शोभेल अशा रकमेने ती पुन्हा सुरू करण्यास हरकत नसावी. खर्च करून मागाहून सूट मागणे म्हणजे देणेकऱ्याकडे थोडे पैसे परत मिळावे म्हणून अर्ज करणे होय. आधी हातात देणे म्हणजे देणे फेडणे होय. आवश्यकतेच्या पलीकडे शिक्षक प्रेमाने जे काही करील ते दान समजावे; ते कोणी मागू नये, दुसऱ्याच्या तोंडावर त्याचे उदाहरण देऊ नये, आणि ते न करणाऱ्यास हिणवू नये. दानाचे दानपण राखावयाचे असेल, तर आधी देणे फिटलेले पाहिजे. जेथे देणे थकलेले आहे तेथे कोणालाही मोकळ्या मनाने दान करिता येत नाही.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे आहे, आणि ते सांगून आपण हात धुतले असे होऊ नये. गावाच्या हातीही काही आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमचे कित्येक वाचक अशा समितीवर असतील. त्यांनी पुढच्या सभेत शिक्षकास एवढेच विचारावे: गुरुजी, बाई, ह्या वर्षी शाळेसाठी तुमच्या खिशातून किती गेले? पुष्कळ शिक्षक संकोचाने सांगणार नाहीत. तेव्हा आग्रहाने विचारावे, आणि जो आकडा निघेल तो सभेच्या इतिवृत्तात लिहावा. लिहिलेला आकडा वरच्या कचेरीस पाठविता येतो, ग्रामसभेपुढे ठेवता येतो, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात त्याची तरतूद मागता येते. जो आकडा कोठेच लिहिला जात नाही, त्याचे देणे कोणीच मान्य करीत नाही. आणि सरकारी रक्कम येईपर्यंतचे महिने काढण्यासाठी गावाने मुठीचा एक लहानसा निधी ठेवला, तर शिक्षकास दुकानात आपले पाकीट उघडावे लागणार नाही. रक्कम आली म्हणजे निधी पुन्हा भरावा. हे धर्मकृत्य म्हणून मिरवू नये. आपल्या मुलांचे काम आपण केले इतकेच समजावे.

मजुरास त्याची मजुरी मिळावी, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या हातातील अवजाराचे पैसे त्याच्याच मजुरीतून कापले जाऊ नयेत, हे त्याच उपदेशात अनुस्यूत आहे. शेतावर सालदार ठेवणारा मनुष्यही कुळव आपलाच देतो. मग ज्याच्या हाती आम्ही आपली मुले सोपवितो, त्याच्या हातातील खडू तरी आम्ही द्यावयास नको काय? ह्याचा विचार वाचकांनी आपल्या घरी, आपल्या सभेत व आपल्या शाळेच्या ओसरीवर करावा, आणि विचार झाल्यावर खडूचा पहिला डबा कोणाच्या पैशाने यावयाचा हे जूनपूर्वी ठरवून टाकावे.